झेनॉनचा दिवा: उजेड किती आणि पडतो कुठे?

रात्री मुळशीकडून पौडमार्गे पुण्याला येणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं आहे. रस्त्याला दुभाजक नाही, कडेला दिवे नाहीत. समोरून एक गाडी येते. तिचे दिवे चांगले पांढरेशुभ्र असतात, पण ती शेजारून निघून गेली तरी डोळ्यांना काही त्रास होत नाही. पाठोपाठ दुसरी येते. तिचेही दिवे पांढरेच, जरा निळसर झाक असलेले. या वेळी मात्र डोळे बारीक होतात, रस्त्याची कड दिसेनाशी होते आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. समोरचा अप्परवर आहे असं समजून आपण दिवे मारून त्याला खुणावतो. तोही उलट अप्पर मारून दाखवतो. म्हणजे इतका वेळ तो डिप्परवरच होता!

दोन्ही गाड्यांत झेनॉनचेच दिवे आहेत. बल्बही दोन्हीकडे ३५ वॉटचे. मग एकीचा उजेड रस्त्यावर आणि दुसरीचा थेट आपल्या डोळ्यांत, असं का व्हावं? शिवाय आणखी एक कोडं आहे. साध्या हॅलोजन बल्बला ५५ वॉट लागतात आणि ३५ वॉटचा झेनॉन त्याच्या दुपटीहून जास्त उजेड देतो. कमी वीज खाऊन जास्त उजेड, हे कसं जमतं? दुसरं कोडं बल्बच्या आतलं आहे आणि पहिलं बल्बच्या बाहेरचं. आधी आत डोकावू.

हॅलोजन: तापलेल्या तारेचा उजेड

हॅलोजन बल्ब हा आपल्या घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बचाच सुधारलेला भाऊ. टंगस्टन धातूची बारीक, वेटोळी तार, म्हणजे फिलॅमेंट, विजेने तीन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि उजळते. तार जितकी जास्त तापेल, तितका उजेड जास्त आणि पांढरा. पण टंगस्टन ३,४०० अंशांच्या थोडं पुढे वितळतो, त्यामुळे तापवायला मर्यादा आहे. शिवाय वितळण्याआधीही त्या उष्णतेत तारेवरचे कण उडत राहतात. साध्या बल्बमध्ये ते काचेवर जाऊन बसत. काच काळपट होई, तार झिजत जाई आणि एक दिवस बल्ब उडे.

हॅलोजन बल्बमध्ये यावर एक नामी उपाय केलेला असतो. आतल्या वायूत आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश मिसळतात. ही दोन्ही मूलद्रव्यं हॅलोजन गटातली, म्हणून बल्बचं नाव हॅलोजन. तारेवरून उडालेला टंगस्टनचा कण गरम काचेजवळ आला की हॅलोजनशी संयोग पावतो आणि काचेवर न बसता वायूतच फिरत राहतो. फिरत फिरत तो पुन्हा तारेजवळ पोचला की तिथल्या प्रचंड उष्णतेत हे संयुग तुटतं आणि टंगस्टन तारेच्या परिसरातच सुटा होतो. त्यामुळे काच स्वच्छ राहते आणि तार जास्त तापवता येते. हे चक्र चालायचं तर काचही चांगली गरम, २५० अंशांच्या वर राहायला हवी. म्हणून हा बल्ब छोटा असतो आणि क्वार्ट्‌झसारख्या उष्णता सोसणाऱ्या काचेचा बनवतात. बल्ब बदलताना मेकॅनिक काचेला बोट लावू देत नाही, ते याचसाठी. बोटाचा तेलकट डाग जिथे पडतो तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

मोटारींसाठी हॅलोजनचा पहिला बल्ब, एच१, १९६२ मध्ये युरोपात आला. १९७१ मध्ये एच४ आला. त्यात एकाच काचेत अप्पर आणि डिप्पर अशा दोन तारा असतात. भारतातल्या असंख्य छोट्या गाड्या आजही याच एच४ वर चालतात.

या सगळ्या हुशारीनंतरही मूळ दुखणं उरतंच. तापलेली तार आधी उष्णता देते आणि मग उजेड. विजेचा मोठा भाग अदृश्य उष्णतेत जातो. डिप्परसाठी वापरला जाणारा ५५ वॉटचा एच७ बल्ब सुमारे १,५०० ल्युमेन देतो. बल्बमधून सगळ्या दिशांना मिळून किती उजेड बाहेर पडतो, ते मोजण्याचं एकक म्हणजे ल्युमेन. म्हणजे एका वॉटला साधारण २७ ल्युमेन पदरात पडतात.

झेनॉन: तारच नाही

झेनॉन बल्ब हातात घेऊन नीट पाहिला, तर मधोमध काचेची एक लहानशी फुगीर कुपी दिसते. तिच्यात दोन्ही बाजूंनी टंगस्टनच्या दोन दांड्या आत आलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांमध्ये जेमतेम चार मिलिमीटरची फट असते. त्या फटीत तार नसते. उजेड पडतो तो फटीतूनच.

कुपीत दाबून भरलेला झेनॉन वायू असतो आणि सोबत धातूंच्या क्षारांचे बारीक कण, प्रामुख्याने सोडियम आणि स्कँडियम यांची आयोडाइडं. झेनॉन हा निष्क्रिय वायू. विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये लंडनमध्ये द्रवरूप हवेच्या गाळातून तो शोधून काढला. तो आपल्या आसपासच्या हवेतच असतो, पण इतका विरळ की एक कोटी लिटर हवेत एक लिटरही भरत नाही. म्हणून महाग.

दोन टोकांमध्ये पुरेसा मोठा विद्युत दाब दिला की वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि एरवी वीज न वाहू देणारा वायू वाहक बनतो. फटीत एक अखंड प्रज्वलित कमान उभी राहते. तिला विद्युत प्रज्योत किंवा आर्क म्हणतात. घरातल्या ट्यूबलाइटमध्येही वायूतून वीज वाहते. फरक इतकाच की तिथे वायूचा दाब कमी आणि जागा ऐसपैस असते, तर इथे दाब प्रचंड आणि जागा चार मिलिमीटरची.

आर्क पेटल्या पेटल्या जो निळसर उजेड दिसतो तो झेनॉनचा. काही सेकंदांत कुपी तापते, क्षारांची वाफ होते आणि ती वाफ उजळू लागते. रस्त्यावर पडणारा खरा पांढरा उजेड मुख्यतः या क्षारांचा असतो. मग झेनॉन कशाला हवा? मैदानांवरचे जुने मेटल हॅलाइड दिवे आठवा. लावल्यावर पूर्ण उजळायला त्यांना काही मिनिटं लागत आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा पेटायला त्याहून जास्त. गाडीच्या दिव्याला एवढी सवड नसते. क्षार तापेपर्यंत उजेडाची बाजू सांभाळायला झेनॉन लागतो.

वीस हजार व्होल्टची किक

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तेवढ्या दाबाने चार मिलिमीटरच्या फटीत काहीही होत नाही. म्हणून झेनॉन दिव्यासोबत बॅलास्ट नावाचा एक इलेक्ट्रॉनिक डबा येतो. तो एकामागून एक तीन कामं करतो. दिवा लावताच क्षणभर २० हजार व्होल्टपेक्षाही मोठा झटका देऊन आर्क पेटवतो. मग पहिले काही सेकंद ३५ वॉटपेक्षा बरीच जास्त शक्ती ढकलून कुपी लवकर तापवतो. एकदा दिवा स्थिरावला की दाब ८५ व्होल्टच्या आसपास आणि शक्ती ३५ वॉटवर आणून तिथेच धरून ठेवतो. डिसेंबरातल्या सकाळी पुण्यात जुनी स्कूटर सुरू करताना पहिल्या किकला सगळा जोर लावावा लागे, मग थोडा वेळ चोक ओढून ठेवावा लागे आणि इंजिन तापलं की ती निवांत चालू राही. क्रम अगदी तोच.

बॅलास्टचा आणखी एक फायदा आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजवर फार अवलंबून असतो. वायरिंग जुनं झालं, कनेक्टर गंजले आणि बल्बपर्यंत दहा टक्के व्होल्टेज कमी पोचलं, तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. बॅलास्ट मात्र बॅटरीचं व्होल्टेज थोडं वरखाली झालं तरी दिव्याला ठरलेली शक्ती देत राहतो.

दिवा पेटवणारा हा हजारो व्होल्टचा दाब जिवावर बेतू शकतो. त्यामुळे झेनॉनचा दिवा चालू असताना तो उघडायचा नाही आणि बल्ब बदलणं जाणत्या माणसावर सोपवायचं. शिवाय डी१ आणि डी२ प्रकारच्या जुन्या झेनॉन बल्बमध्ये थोडा पाराही असतो. डी३ आणि डी४ प्रकारांत तो नसतो आणि ते सुमारे ४२ व्होल्टवर चालतात. म्हणून डी१ च्या जागी डी३ परस्पर बसवता येत नाही.

तुलना काय सांगते?

३५ वॉटचा डी२ बल्ब सुमारे ३,२०० ल्युमेन देतो. म्हणजे एका वॉटला ९० च्या पुढे, हॅलोजनच्या तिपटीहून जास्त. तापवायला तारच नसल्यामुळे आर्कमधली वीज उजेडात बदलण्याचं प्रमाण मोठं आहे. जळून तुटेल अशी तार नसल्यामुळे आयुष्यही जास्त. हॅलोजन काहीशे तास चालतो, झेनॉन दोन हजार तासांच्या पुढे सहज जातो. तो हॅलोजनसारखा एकाएकी उडतही नाही. हळूहळू मंदावतो आणि त्याचा रंग बदलत जातो.

उणी बाजूही आहे. हॅलोजन बल्ब काहीशे रुपयांत मिळतो आणि कोणत्याही गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतो. झेनॉनला बल्बचे हजारो रुपये मोजा, बॅलास्ट गेला तर त्याचे आणखी वेगळे. शिवाय पूर्ण उजळायला काही सेकंद लागतात, त्यामुळे अप्पर मारण्यासाठी चालू-बंद, चालू-बंद करणं त्याला मानवत नाही. यावर तोडगा म्हणून बाय-झेनॉन आला. त्यात बल्ब सतत पेटता राहतो आणि त्याच्यापुढचा एक छोटा पडदा खाली-वर होतो. पडदा वर असला की डिप्पर, खाली पडला की अप्पर.

उजेडाला कापणारी रेघ

आता बल्बच्या बाहेरचं कोडं. डिप्परचं काम दुहेरी आहे. स्वतःपुढचा रस्ता उजळायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी उजेडाला वरच्या बाजूने चक्क कापावं लागतं. पार्किंगमधल्या भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून डिप्पर लावा. चांगल्या दिव्याचा उजेड भिंतीवर एका आडव्या रेघेखाली थांबतो. रेघेच्या खाली लख्ख, वर अंधार. डाव्या हाताला ही रेघ तिरकी वर चढते. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या कडेचे पादचारी आणि पाट्या दिसाव्यात यासाठी तिकडे उजेड जास्त दिलेला असतो. उजवीकडून समोरची वाहनं येतात, तिथे रेघ खालीच राहते. उजवीकडून वाहनं चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेला दिवा आणून आपल्याकडे बसवला, तर हा चढ नेमका समोरच्याच्या तोंडावर येतो.

ही रेघ दोन तऱ्हांनी काढतात. एच४ च्या हॅलोजन दिव्यात डिप्परच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते. उरलेला उजेड वरच्या अर्ध्या आरशावर पडतो आणि आरसा तो रस्त्याकडे, खाली वळवतो. तार अमुक लांबीची आणि अमुक ठिकाणी आहे हे धरूनच आरशाचा प्रत्येक कोन आखलेला असतो. झेनॉनच्या बहुतेक दिव्यांत प्रोजेक्टर असतो. आरसा सगळा उजेड एका ठिकाणी गोळा करतो, तिथे धातूचा पडदा उभा असतो आणि पुढचं जाड भिंग त्या पडद्याच्या कडेची उलटी, ठळक प्रतिमा रस्त्यावर टाकतं. ती प्रतिमा म्हणजेच भिंतीवरची रेघ.

ही रेघ नीट पडते की नाही, हे गाडी बाजारात येण्याआधीच तपासलं जातं. पुणेकर जिला एआरएआय टेकडी म्हणतात, त्या वेताळ टेकडीवरच्या भागाला नाव देणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या करते. दिव्यांची चाचणी हा त्यातलाच एक भाग. आंतरराष्ट्रीय पद्धत अशी की, दिव्यापासून २५ मीटरवर पडदा आहे असं धरून त्यावरच्या ठरावीक बिंदूंवर उजेड मोजायचा. काही बिंदूंवर तो अमुक इतका हवाच, तर काही बिंदूंवर ठरलेल्या मर्यादेहून जास्त चालत नाही. समोरच्या ड्रायव्हरचे डोळे जिथे येतील, तो बिंदू दुसऱ्या यादीत असतो.

झेनॉनचा उजेड जास्त, म्हणून चूकही महागात पडते. मागच्या सीटवर तीन माणसं बसली आणि डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं आणि रेघही वर चढते. काचेवर चिखल बसला की उजेड भलतीकडे फाकतो. त्यामुळे २,००० ल्युमेनपेक्षा जास्त उजेडाच्या डिप्परला आपोआप खाली-वर होणारी यंत्रणा आणि दिव्याची काच धुणारे फवारे युरोपीय नियमांनी सक्तीचे केले. या खर्चातून सुटण्यासाठी पुढे २५ वॉटचे, नेमके २,००० ल्युमेनचे झेनॉन बल्बही निघाले. बीएमडब्ल्यूने १९९१ मध्ये ७ सीरिजमध्ये झेनॉन दिवे आणले, तेव्हापासून ते बराच काळ महागड्या गाड्यांपुरते राहिले, त्यामागे बल्बच्या किमतीबरोबर हा सगळा सरंजामही होता. आपल्याकडे स्कोडा सुपर्बसारख्या गाड्यांतून ते लोकांच्या नजरेत भरले.

किटमुळे काय बिघडतं?

मग ज्यांच्या गाडीत हॅलोजन होता, त्यांनाही तसा उजेड हवासा वाटला आणि बाजारात एचआयडी किट, म्हणजेच झेनॉन किट आलं. दोन झेनॉन बल्ब, दोन बॅलास्ट आणि वायरिंग. जुना एच४ काढा, तिथे हा बल्ब खोचा, अर्ध्या तासात काम होतं. सुरुवातीला भेटलेल्या त्या दुसऱ्या गाडीत हेच झालेलं असतं.

आरसा तोच राहतो, त्याच्यापुढचा उगम मात्र बदलतो. तार सरळ आणि ठरलेल्या जागी होती. आर्क वर उचललेली कमान असते, तिची जाडी आणि जागा वेगळी असते आणि सगळ्यात प्रखर भाग दांड्यांच्या टोकांपाशी असतो. शिवाय कुपीच्या तळाशी साठलेले क्षारही उजळतात. आरशाने ज्या बिंदूसाठी कोन आखले, तिथे आता भलतंच काही आहे. रेघ फिसकटते आणि दुपटीहून जास्त उजेडातला बराचसा रेघेच्या वर जातो. चालकाला हे कळत नाही, कारण त्याला बोनेटपुढचा रस्ता पांढरा लख्ख दिसतो. उलट जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरचं कमी दिसतं.

समोरच्याचं काय होतं, याचा हिशोब सोपा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. डोळे तीन सेकंद दिपले, तर ती ६६ मीटर आंधळेपणाने धावली.

निळ्याचा मोह

मूळ झेनॉन दिवा निळा नसतो. त्याचा रंग ४,३०० केल्विनच्या आसपास, म्हणजे पांढरा. केल्विन हा आकडा उजेडाचा रंग सांगतो, उजेड किती ते सांगत नाही. हॅलोजन ३,२०० च्या आसपास, म्हणून पिवळसर. आकडा वाढत गेला की उजेड निळा होत जातो. खऱ्या झेनॉन गाडीत खड्ड्यावरून जाताना क्षणभर निळी छटा चमकते, ती भिंगाच्या कडेला उजेडातले रंग वेगळे झाल्यामुळे. तीच ऐट मिळावी म्हणून ६,००० आणि ८,००० केल्विनचे बल्ब विकले जातात. पण त्याच शक्तीत निळ्याकडे झुकणारा बल्ब उपयोगी उजेड कमीच देतो, कारण आपला डोळा निळ्याला कमी संवेदनशील आहे. निळा रंग चढवलेले हॅलोजन बल्ब तर उजेडातला पिवळा आणि तांबडा भाग स्वतःच गिळून टाकतात.

पावसाळ्यात ताम्हिणीच्या धुक्यात झेनॉन जास्त उपयोगी पडेल, ही समजूतही खरी नाही. धुक्याचे थेंब सगळ्याच रंगांचा उजेड सारखा विखुरतात, म्हणून जितका उजेड जास्त तितकी पांढरी भिंत जवळ. तिथे खाली बसवलेला, रुंद आणि चपटा झोत टाकणारा फॉग लॅम्पच कामाचा. ओला रस्ता तर उजेड आपल्याकडे परत न पाठवता पुढे सरकवतो. त्यामुळे आपल्याला रस्ता काळा दिसतो आणि समोरच्याला आपला दिवा जास्त बोचतो.

थोडक्यात

- हॅलोजन: तापलेली तार, ५५ वॉट, सुमारे १,५०० ल्युमेन, पिवळसर, स्वस्त, लगेच पूर्ण उजेड.
- झेनॉन: वायूतली आर्क, ३५ वॉट, सुमारे ३,२०० ल्युमेन, पांढरा, महाग, पूर्ण उजेडाला काही सेकंद.
- झेनॉनला बॅलास्ट, त्याच्यासाठी आखलेला प्रोजेक्टर किंवा आरसा आणि दिव्याचा रोख आपोआप सांभाळणारी यंत्रणा हवी.
- हॅलोजनच्या दिव्यात झेनॉन किट म्हणजे जास्त उजेड, पण चुकीच्या जागी.
- केल्विन म्हणजे रंग, ल्युमेन म्हणजे उजेड.

तर मग करायचं काय?

नव्या गाड्यांत झेनॉनची जागा आता एलईडीने घेतली आहे. २००७ मध्ये लेक्ससने एलईडीचा डिप्पर पहिल्यांदा बाजारातल्या गाडीत आणला आणि त्यानंतर ही दिशा पक्की झाली. पण हॅलोजनच्या आरशात खोचायचे एलईडी बल्बही त्याच दुकानांत मिळतात आणि त्यांना झेनॉन किटचेच सगळे दोष लागू होतात. शंभर वॉटच्या हॅलोजन बल्बचंही तसंच. त्याने होल्डर आणि वायर वितळतात, ते वेगळंच.

कायदाही याच बाजूने आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ नुसार दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. दिव्यापासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे त्याने दिपता कामा नयेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

हॅलोजनचा उजेड कमी वाटतो, तर आधी स्वस्तातले उपाय करून बघा. पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करून घ्या. जुने बल्ब जोडीने बदला, पण वॉट मूळचेच ठेवा. इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग आणि रिले तपासून घ्या. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं चाक असेल, तर कोकणात जाताना डिकी भरल्यावर ते फिरवा. ते त्यासाठीच दिलेलं असतं. भिंतीपासून पाच मीटरवर रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण पाच सेंटिमीटर खाली पडायला हवी. ती वर असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला दिव्यांचा रोख बीम सेटरवर लावून मागा. गाडी ज्या बल्बसाठी बनली, तोच बल्ब नीट रोखाने लावलेला असला, की तुम्हालाही रस्ता दिसतो आणि समोरच्यालाही.